मिश्रीची सुट्टी

"बाई पैसे देते का?" कौस्तुभ रेगेनं विचारलं.

"कुठली बाई?"

"तुमची मिश्रीवाली. तुमची गोळी घेणार ती. पैसे ती देते का?"

"ती कुठून देणार? दिवसभर उभं राहून कमावते ते घरात जातं."

"मग ती तुमची ग्राहक नाही." फळ्यावर मी 'मिश्री सोडू पाहणारी स्त्री' असं लिहिलं होतं. त्यानं डस्टर घेतला आणि ती बाई पुसून टाकली. "ती फक्त वापरणारी. ग्राहक म्हणजे जो खिशात हात घालतो तो. तो कोण आहे, शोधून आणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेल्या अन्वरनं टेबलाखालून माझी पर्स ओढली. मी उठून बोलायला लागणार असं वाटलं की तो कायम असंच काहीतरी ओढायचा. 

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण तो डस्टर आठवला की अजून डोकं भणभणतं. पुण्यात बाणेरला एका काचेच्या इमारतीत आमचं शिबिर चाललं होतं. व्यसनांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांना धंदा करायला शिकवायचा, असा त्याचा हेतू, आणि शिकवणारा हा कौस्तुभ. कुणी दारूवर काम करणारा, कुणी गांजावर, एक मुलगी मोबाइलच्या नादावर. काम करणारे बरं का, पिणारे नव्हेत. त्यांच्यात आम्ही दोघं कोल्हापूरचे. मी दात-हिरड्यांची डॉक्टर शैला मगदूम, आणि औषधं बनवण्यातला माझा सहकारी डॉक्टर अन्वर मुजावर. आमचा विषय मिश्री. तंबाखू तव्यावर जाळायची, तिची काळी पूड बोटावर घ्यायची आणि हिरड्यांना चोळत बसायचं. आमच्याकडे बायका हे इतकं सहज करतात की त्याला व्यसन म्हटलं तर त्यांनाच हसू येतं. आम्ही त्यावर एक गोळी केली होती. लवंग, ओवा, सैंधव आणि अन्वरनं महिनोन्महिने डोकं खाजवून जमवलेला एक डिंक. हिरडीला लावून ठेवली की मिश्रीसारखीच चुरचुरायची, आणि तंबाखूचा कण नाही. आजऱ्याजवळच्या एका काजू कारखान्यातल्या बायकांवर, त्यांच्या मिश्री लावायच्या सुट्टीत, वर्षभर चाचणी घेतली होती. निम्म्याहून जास्त जणींची मिश्री सुटली होती.

आणि त्या मार्चमध्ये आमचा निधी संपत होता. विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाजारात काहीतरी आणून दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेची खोली सोडा. शिबिराच्या शेवटच्या दिवशी परीक्षक एका गटाला भांडवल देणार होते. ते मिळालं तर गोळी निघणार, नाहीतर चार वर्षांचं काम कपाटात. म्हणून मी त्या डस्टरवाल्याचं ऐकून घेत होते.

"मधले चार आठवडे गावाकडे जा," कौस्तुभ म्हणाला. "लोकांशी बोला. गोळी विकू नका, फक्त ऐका. आणि खिसा शोधा."

खिसा सापडायला वेळ लागला नाही. तो त्याच काजू कारखान्याच्या मालकाचा होता. संग्राम देसाई, तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. चाचणीच्या वेळी त्याचे वडील कारभार बघायचे, आता सगळं याच्या हातात आलं होतं. आम्हाला त्यानं केबिनमध्ये बसवलं, मीठ लावलेले काजू पुढे केले आणि एकच प्रश्न विचारला.

"गोळी तोंडात ठेवून काम करता येतं का हो?"

"येतं की," अन्वर म्हणाला. "बोलतासुद्धा येतं."

"मग सगळ्या बायकांना चालू करू. वर्षभर. काय होईल ते बिल लावा." मग तो जरा पुढे झुकला. "फक्त एक करा, मॅडम. माझा परदेशी खरेदीदार विचारतोय, तुमचे कामगार तंबाखू लावतात आणि त्याच हातानं माल हाताळतात का म्हणून. तो येईल तेव्हा त्याला दाखवायला कारखाना मिश्रीमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र लागेल. तुमच्या सहीचं."

गुण आला तर सही द्यायला माझी काही हरकत नव्हती. अन्वर तर बाहेर आल्यावर लहान मुलासारखा हसत होता. त्याला जीपजवळ सोडून मी मागच्या अंगणात गेले, फणसाखाली. तिथे बायका मिश्री लावायला बसायच्या, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. बिया फोडायचं यंत्र पायानं दाबायचं आणि हातानं ओढायचं असतं, तेही उभ्यानं. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते. म्हणून बायका आधी साबणानं हात चोळून धुवायच्या, मग फणसाखाली टेकायच्या आणि मग कुठे बोट तोंडात.

गौराबाई मला चाचणीपासून ओळखत होती. पन्नाशीची, हडकुळी, बोलायला फटकळ. मी जवळ जाऊन म्हणाले, "कसं चाललंय?" तिनं "हूं" केलं आणि पंजा वर केला, थांबा म्हणून. बोट तोंडात होतं. मी थांबले. कारखान्याच्या दारात मुकादम आला, कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं, बायकांच्या तोंडातली बोटं पाहिली आणि परत आत गेला. सावकाश केव्हातरी गौराबाई उठली, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

"बोला, बाई."

"मिश्री कशासाठी लावता हो?"

"बोटाला काम," ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

"आणि मालकांनी फुकट गोळी दिली तर सोडाल?"

"बसाय मिळंल न्हवं?"

"बसायला म्हणजे?"

"काय न्हाई. दिली तर घिऊ की. कोण न्हाई म्हणतंय?"

पुण्याला परत येताना जीपमध्ये अन्वर चाचणीचे आकडे परत बघत होता. "निकालाची बाजू एवढी भक्कम आहे," तो म्हणाला, "फक्त ते खराब नमुने आठवले की मला अजून चुटपुट लागते." गोळी सुरू करण्याआधी आम्ही प्रत्येकीची थुंकी तपासली होती, तंबाखू किती भिनलीय ते बघायला. त्यात सात-आठ जणींच्या थुंकीत तंबाखूचा मागमूससुद्धा निघाला नव्हता. आणि त्या बायकांना आम्ही स्वतः रोज मिश्री लावताना पाहिलं होतं! अन्वर तेव्हा म्हणाला होता, पेटीतला बर्फ वितळला असणार. मीही हो म्हणाले होते. ते नमुने आम्ही बाजूला काढले आणि त्या बायकांना गोळ्या मात्र बाकीच्यांसारख्याच दिल्या.

"बर्फच होता," मी म्हणाले. "झोप आता."

चाचणीतून उरलेल्या गोळ्या आम्ही लगेच देसाईकडे धाडल्या आणि शिबिरात आमचं एकदम वजन वाढलं. कौस्तुभ सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा! यांना ग्राहक सापडला." आमच्या सादरीकरणात पहिल्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरांत ओळ टाकली, 'हात चालू, सवय बंद.' मला ती ओळ बघूनच चीड आली. मी म्हटलं, हे काय गिरणीचं घोषवाक्य आहे का? तर तो म्हणतो, "शैला, तू बाईला विकत नाहीयेस. तू देसाईंना विकतेयस. देसाईंना काय ऐकायचंय ते सांग." मी त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, आणि हा मला अगं-तुगं करणार! म्हणे त्या जगात असंच असतं. अन्वरनं परत पर्स ओढली.

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं होतं. समोर परीक्षक, मागे पाहुणे. देसाई आपल्या गाडीनं आला होता आणि बरोबर गौराबाईला घेऊन आला होता, मिश्री सुटलेली बाई म्हणून दाखवायला. तिच्या अंगावर कडक घडीची नवी साडी होती, कारखान्यानं घेतलेली. दोन्ही हात मांडीखाली घालून ती पहिल्या रांगेत बसली होती. आमच्या आधीचा गट बोलत होता तेव्हा ती उठून बाहेर गेली. मीही मागोमाग गेले. हात धुवायच्या बेसिनपाशी ती उभी होती.

"गौराबाई! अहो, मिश्री सुटली म्हणे?"

"सुटली," ती म्हणाली. "कदी धरलीच न्हवती, ती सुटली."

"म्हणजे?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं, बोटानं ओठ खाली ओढला आणि हिरडी दाखवली. स्वच्छ, गुलाबी हिरडी. दात पांढरे. एवढे दिवस ही बाई पदराआड हसत होती आणि मी हिरड्यांची डॉक्टर समोर उभी असायची.

"बारा वर्सं बोट घालतोय तोंडात," गौराबाई म्हणाली. "तांदूळ जाळून त्येची राख डबीत ठेवलीया. तंबाखूच्या वासानं मला भडभडून येतंय. आमी सात-आठ जणी हाय तशा."

"अहो, मग कशासाठी?"

"बसाय, बाई, बसाय!" ती एवढ्या जोरात म्हणाली की आतून कुणीतरी दार लावून घेतलं. "दमलो म्हणलं तर मुकादम म्हणतोय, उद्यापास्नं घरातच बस. तलफ आली म्हणलं की म्हणतोय, जा, ये लावून. दमल्याली बाई कुनाला कळत न्हाई. तलफ समद्यास्नी कळती, त्येंची बी असतीया. आन् तोंडात बोट असलं की कुनी हाक मारत न्हाई, कुनाला उत्तर द्यावं लागत न्हाई. दिसाचं तेवढंच आमचं हुतं."

मला आधी तिचाच राग आला. खोटं बोलली! वर्षभर माझ्या चाचणीत बसून खोटं बोलली! पण ती थांबली नव्हती.

"मालकानं मिश्रीची सुट्टी काढली. सकाळची बी, दुपारची बी. दारातच गोळी हातावर देत्यात, टाका तोंडात आन् लागा यंत्राला. 'मगदूम बाईंनी औषध काढलंय, आता तलफ येत न्हाई, मग भायेर कशाला जायाचं?' तुमच्या नावानं सांगत्यात. फणसाखाली बियांच्या गोण्या रचल्यात, बसाय जागा न्हाई. लघवीला बी इचारून जावं लागतंय." तिनं ओला हात नव्या साडीला पुसला. "बाई चांगली हाय म्हणून आमी तुमास्नी थुंकी दिली. तुमी आमची बसायची जागा इकलीसा."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी काहीतरी म्हणायला गेले, पण ती माझ्याकडे न बघता आत निघून गेली. मी बेसिनची कड धरून उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या हलकट देसाईचा, त्या डस्टरवाल्याचा, त्या मुकादमाचा, आणि जिला तलफ कळते पण दमणं कळत नाही अशा माझ्या स्वतःच्या सगळ्या विद्येचा.

अन्वर शोधत आला. "मॅडम, आपला नंबर."

"अन्वर, ते नमुने खराब नव्हते."

"काय?"

"बर्फ वितळला नव्हता. त्या बायका तंबाखू लावतच नव्हत्या. बसायला मिळावं म्हणून तोंडात बोट घालत होत्या. आणि देसाईनं आपली गोळी दाखवून ती सुट्टी बंद केलीय."

अन्वरचा चेहरा उतरला. माझी पर्स त्यानं त्या वेळी ओढली नाही.

व्यासपीठावर आधी देसाई बोलला. काय सुंदर बोलला! कामगारांचं आरोग्य, माताभगिनी, सगळं काही. मग म्हणाला, "आणि प्रत्येकीमागे दिवसाचा अर्धा तास कामाचा वाढला, हा त्यातला वरचा फायदा." टाळ्या पडल्या. कौस्तुभनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. मागे पडद्यावर 'हात चालू, सवय बंद' झळकत होतं.

मी माइक हातात घेतला. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं, आणि गेलं ते बरंच झालं.

"देसाई साहेब," मी म्हणाले, "यंत्रावर उभं राहून ही गोळी घ्यायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो हसला. "तुमच्याच डॉक्टरांनी. काम करता येतं म्हणाले."

"आमच्या चाचणीत प्रत्येक बाई सावलीत बसून गोळी घेत होती. विरघळेपर्यंत बसत होती. बोलत नव्हती, काम करत नव्हती, कुणी तिला हाक मारत नव्हतं. त्यातलं बसणं तुम्ही काढून टाकलंत. उभ्यानं राबत घेतलेल्या गोळीनं मिश्री सुटते असा आमच्याकडे एवढासासुद्धा पुरावा नाही. तुमच्या दारात हातावर ठेवतात ती नुसती लवंगेची गोळी आहे. तिच्यासाठी मी सही करणार नाही."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कौस्तुभ व्यासपीठाच्या कडेला धावत आला. "मॅडमना असं म्हणायचंय की..."

"मॅडमना काय म्हणायचंय ते मॅडम म्हणतायत," मी म्हणाले. "तू खाली बस!"

तो खरंच बसला.

देसाईचा आवाज मात्र चढला. "डॉक्टर मुजावर, तुम्ही सांगा. तुम्ही माझ्या केबिनमध्ये बसून काय म्हणालात?"

सगळे अन्वरकडे बघायला लागले. या माणसानं आयुष्यात कुणाशी वाद घातला नव्हता. रिक्षावाल्याशीसुद्धा नाही. तो उठला, चष्मा काढला, परत घातला.

"काम करता येतं असं मी म्हणालो," तो म्हणाला. "गुण येतो असं म्हणालो नव्हतो. मी नीट विचार न करता बोललो, त्याबद्दल माफी मागतो. पण पुरावा बसून घेतलेल्या गोळीचा आहे. मॅडम म्हणतायत तेच शास्त्र आहे."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. परीक्षकांतले एक गृहस्थ चष्म्यावरून देसाईकडे बघत होते. देसाईनं घाम पुसला आणि शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला.

"ही बाई रोज घेते ना! तिलाच विचारा. गौराबाई, ऊठ. सांग सगळ्यांना, काम करता करता गोळी घेतली तरी तलफ जाते का नाही?"

तिला उद्या परत त्याच यंत्रावर उभं राहायचं होतं. ती काय बोलणार? हो म्हणाली असती तरी मी तिला बोल लावला नसता.

गौराबाई उठली. तिनं मालकाकडे पाहिलं, पडद्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं, ती तिला वाचता येत होती का कोण जाणे. मग उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं आणि डावा पंजा वर केला.

"हूं," ती म्हणाली. आणि सावकाश खाली बसली.

पुण्यातली ती सगळी शिकलेली मंडळी, परीक्षक, पाहुणे, तिच्या तोंडातलं बोट निघायची वाट बघत बसली. ते काही निघेना. देसाई एकदा "गौराबाई" म्हणाला, पण तिचा पंजा वरच होता. कुणीतरी मागून हसलं.

"सकाळी पाव तास, दुपारी पाव तास," मी माइकमध्ये म्हणाले. "फणसाखाली. गोळी घेताना बाईला हाक मारायची नाही, असं भिंतीवर रंगवून घ्या. मी येऊन बघेन, मग सही. नाहीतर तुमच्या खरेदीदाराला काय दाखवायचं ते तुम्ही बघा."

भांडवल अर्थातच मोबाइलवाल्या मुलीला मिळालं. गाड्या लावतात तिथं कौस्तुभनं मला गाठलं. रागानं त्याचे कान लाल झाले होते. "आयता ग्राहक हातचा घालवलास! अर्धा तास वाचवणारी वस्तू होती ती, तू तीच अर्धा तास खाणारी करून ठेवलीस. कोण घेईल आता तुझी गोळी? स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेतलास पायावर!"

"पाय माझाच आहे ना?" मी म्हणाले. "तू आपला डस्टर सांभाळ." आणि जीपचं दार त्याच्या तोंडावर आपटलं.

तो म्हणाला ते खरं झालं. दुसऱ्या कुठल्याही कारखानदारानं गोळी घेतली नाही. मार्चमध्ये आमची खोली गेली. अन्वर खोकल्याच्या औषधांच्या कंपनीत लागला आणि मी पुन्हा शिकवायला लागले. गोळी कपाटातच राहिली. अजूनही कुणी त्याबद्दल हळहळलं की माझा जीव जळतो, नाही कशाला म्हणू?

पण त्याच्या आधी, शिबिर संपल्यावर आठवड्याभरातच, देसाईचा फोन आला होता. आवाजातलं लोणी पार आटलं होतं. खरेदीदार निघालाय, येऊन बघा आणि सही करा. मी आणि अन्वर गेलो. भिंतीवर निळ्या रंगात पाटी रंगवली होती, रंग अजून ओला होता. फणसाखालच्या गोण्या हलवलेल्या होत्या. झाडाला टेकून बायका ओळीनं बसल्या होत्या, पाय पसरून. मुकादम दारात येऊन पाटी वाचून परत गेला.

गौराबाई टोकाला बसली होती. तोंडात बोट नव्हतं. तिची गोळी शेजारी दगडावर तशीच पडलेली, मुंग्यासुद्धा तिच्याकडे फिरकत नव्हत्या. मला तिची माफी मागायची होती. गाडीत बसून काय बोलायचं ते मी जुळवलं होतं. तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "गौराबाई, ऐका, मला तुम्हाला..."

तिनं डोळे मिटूनच पंजा वर केला.

"बोलू नगा, बाई," ती म्हणाली. "औषध घेतोय."